आठवी-नववीसाठी जर्मन आणि जपानी मंडळ : वर्षभराची आखणी कशी करावी?

खडूफळा :
कोथरूडमधली सेमी-इंग्रजी माध्यमिक शाळा. परकीय भाषा विषय म्हणून नाही, पण जूनपासून आठवी-नववीसाठी परकीय भाषा मंडळ चालवायला मुख्याध्यापिकांनी होकार दिलाय. जर्मनसाठी शाळेतल्याच एक बाई आहेत, त्यांचं बी-१ (मधली पातळी) झालंय. जपानीसाठी एन-३ (तीही मधली पातळी) झालेली माजी विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा यायला तयार आहे. फ्रेंच हवं म्हणणारी मुलं बरीच, शिकवणारं कुणी नाही. एकूण ४५ नावं आली आहेत. खर्च वर्षाला ८,००० रुपयांत बसवायचाय, मुलांकडून फी घ्यायची नाही.

विचारायचं ते असं. तिन्ही भाषांचं मिळून एक मंडळ ठेवावं की वेगवेगळी? दर आठवड्याला नेमकं काय घ्यावं? शिकवणी व्हायला नको, आणि वर्ष मजेत जाऊन मुलांना एक वाक्य बोलता येत नाही असंही व्हायला नको. स्नेहसंमेलनात काहीतरी सादर करावंच लागेल, पालकांची ती अपेक्षा असते. शाळांतून अशी मंडळं चालवणाऱ्यांनी जरा तपशिलात लिहावं, ही विनंती.

शनिवारची शाळा :
खडूफळाताई, भाषेच्या आधी वेळ पक्की करा. शाळा सुटल्यावर ठेवलेलं मंडळ रिक्षाकाका आणि व्हॅनच्या वेळेपायी मोडतं. पावसाळा सुरू झाला की पहिल्याच महिन्यात गळती लागते. शनिवारी शाळा लवकर सुटत असेल तर शेवटच्या दोन तासिका मागून घ्या आणि त्या छापील वेळापत्रकात घालायला लावा. नुसत्या सूचनाफलकावर लिहिलेला तास कुठल्याही जादा तालमीसाठी उचलला जातो.

जूनअखेर ते फेब्रुवारी एवढ्या शनिवारांतून घटक चाचण्या, गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी आणि संमेलनाची धावपळ वजा केली की हातात २० च्या आसपास शनिवार उरतात. आखणी तेवढ्याचीच करा.

तीन भाषा एका खोलीत नकोत. जर्मन आणि जपानी असे दोन गट करा, प्रत्येकी २२-२३ मुलं. मुलाने एकच भाषा निवडायची आणि दिवाळीपर्यंत बदलायची नाही. नाहीतर मैत्रीण तिकडे गेली म्हणून ही पण तिकडे, आणि सप्टेंबरात एक गट १२ चा, दुसरा ३३ चा. शिकवणारं माणूस नसताना फ्रेंचचं मंडळ काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलवरचं ॲप समोर ठेवून मुलांना बसवलं तर पहिल्या महिन्यात चुकलेला उच्चार दुरुस्त करणारं कुणी नसतं. वर्षातून एक फ्रेंच दिवस ठेवा, तेवढं पुरे.

आता ६० मिनिटांचं. पहिली ५ मिनिटं हजेरी, पण त्या भाषेत: नाव घेतलं की मुलाने त्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं (आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे का, न्याहारीला काय खाल्लं). मग १५ मिनिटं नवीन वाक्यं, जास्तीत जास्त चार. पुढची ३० मिनिटं बोलायचं काम, शेवटची १० लिखाण आणि आवराआवर. हे बोलायचं काम म्हणजे मंडळाचा जीव. त्यातली वेळ सण, व्हिडिओ, प्रदर्शनाचे तक्ते यांत जायला लागली की मुलं बोलायची थांबतात.

बोलायचं काम म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. वहीच्या पानाच्या २२ चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एका काल्पनिक माणसाची चार माहिती: नाव, गाव, वय, आवड. सोबत प्रत्येक मुलाला चार रिकाम्या रकान्यांचा तक्ता. उठून फिरायचं, चार जणांना गाठायचं आणि विचारून तक्ता भरायचा. जर्मनला 'वी हाइस्ट डू', 'वो वोन्स्ट डू', 'वी आल्ट बिस्ट डू', 'वास माख्स्ट डू गेर्न' हे चार प्रश्न. चिठ्ठी दाखवायची नाही, फक्त बोलायचं. पहिल्यांदा हमखास काय होतं? मुलं मराठीत विचारून तक्ता पटापट भरतात. म्हणून दोन गोष्टी करा. एक, चिठ्ठ्यांवर दोन नावं अशी ठेवा की गाव एकच पण वय वेगळं, म्हणजे अर्धवट ऐकून भागत नाही. दोन, फळ्याच्या कोपऱ्यात 'पुन्हा सांग', 'हळू बोल' आणि 'याला काय म्हणतात' ही तीन वाक्यं त्या भाषेत वर्षभर पुसू नका. मूल मराठीवर घसरतं ते बहुतेक वेळा अडल्यावर काय म्हणायचं हे माहीत नसल्यामुळे. जर्मनला 'नॉख माल, बिट्टं' आणि 'लांगझामर, बिट्टं', जपानीला 'मोऊ इचिदो ओनेगाइ शिमास' आणि 'युक्कुरि ओनेगाइ शिमास', इतकी छोटी वाक्यं पहिल्याच तासाला पाठ होतात.

देवनागरीत लिहून घेण्याबद्दल सावध राहा. इथे आपल्याला लिहावं लागतंय ते वेगळं, मुलांच्या वहीत नको. जर्मनमधला टिंबंवाला 'ऊ' देवनागरीत बसतच नाही: ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल आणि जीभ 'ई' च्या जागी. मुलं एकदा 'यू' लिहून बसली की वर्षभर तेच म्हणतात. त्याउलट 'चमचा' मधल्या पहिल्या च चा उच्चार मराठी मुलांच्या तोंडात तयारच असतो, जर्मन आकड्यांतला 'त्सेन' किंवा जपानी 'त्सु' त्यांना शिकवावा लागत नाही. जपानी गटाला हिरागाना या पहिल्या लिपीची ४६ अक्षरं दर तासाला पाच अशा हिशेबाने दहा तासांत होतात. काताकाना, म्हणजे परकीय नावं-शब्द लिहायची लिपी, दिवाळीनंतर. काताकानात स्वतःचं नाव लिहिताना लीनाची रीना होते, कारण ल आणि र साठी तिथे एकच ओळ आहे. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलीला वाटतं आपलंच चुकलं.

कंदील :
वरचं वेळेचं सगळं पटलं. सणांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. नीट निवडले तर सणांतूनच सगळ्यात जास्त बोलणं होतं, कारण हातात काम असतं. वर्षाला चार पुरेत: ७ जुलैला तानाबाता, ११ नोव्हेंबरचा सेंट मार्टिन, ६ डिसेंबरचा निकोलाउस आणि २ फेब्रुवारीचा फ्रेंच शांदलर, म्हणजे क्रेप (पातळ गोड घावन) करण्याचा दिवस.

तानाबाता दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण. जपानी कथेतली ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित तारा, हिकोबोशी म्हणजे श्रवण, मधे आकाशगंगा. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी ते भेटतात. विज्ञानाच्या बाईंना दहा मिनिटं बोलवा, आकाशाचा नकाशा दाखवून होतं. पुण्यात ७ जुलैला ढग असणार, म्हणून सगळं वर्गातच. बुरूड आळीतून दोन मीटरचा कोवळा बांबू आणा, फांद्यांसकट मिळाला तर उत्तम. रंगीत कार्डपेपरच्या ६ बाय १८ सेंमीच्या पट्ट्या कापून वर भोक पाडा. पट्टीवर इच्छा लिहायची. तेव्हा मुलांना मोजकीच अक्षरं येत असतात, त्यामुळे मोकळं लिहायला लावू नका. फळ्यावर एकच साचा लिहा: '___ नि नारेमास योऊ नि', म्हणजे '___ होता येऊ दे'. रिकाम्या जागेसाठी डॉक्टर, शिक्षक, गायक, खेळाडू असे आठ शब्द हिरागानात बाजूला. मुलं बघून उतरवतात आणि वाचून बांधतात. झिरमिळ्या कागदाच्या पट्ट्या टाळा, जुलैच्या दमटपणात दुसऱ्या दिवशी लोंबतात.

सेंट मार्टिनला जर्मनीत मुलं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणूक काढतात. ११ नोव्हेंबर अनेकदा आपल्या दिवाळीच्या सुट्टीत येतो. तारखेचा हट्ट नको, सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी घ्या. फायदा असा की आकाशकंदिलांचं सामान दुकानांत उरलेलं असतं आणि मुलांचा हात बसलेला असतो. एका कंदिलाला लागतं: पुठ्ठ्याचा गोल तळ, ए-३ आकाराचा ट्रेसिंग पेपर, पतंगी कागदाचे तुकडे, पातळ केलेला फेव्हिकॉल, २० सेंमी बारीक तार, ६० सेंमीची काठी आणि बॅटरीवरची एलईडी पणती. तळाचं माप १२.५ सेंमी व्यास ठेवा. घेर ३९ सेंमीच्या थोडा वर येतो आणि ए-३ ची लांबी ४२ सेंमी, म्हणजे जोडाला अडीच सेंमी उरतात. १५ चा तळ घेतला की कागद तोकडा पडतो आणि वर्गात गोंधळ उडतो. उंची २२ सेंमीवर कापा. रंगीत तुकडे कागद सपाट असतानाच चिकटवा आणि २० मिनिटं वाळू द्या, मग गुंडाळा. ओला गुंडाळला तर जोड सुटतो. मेणबत्ती अजिबात नको.

यात भाषा कुठे? बाईंनी सूचना फक्त जर्मनमध्ये द्यायच्या: काप, चिकटव, घडी घाल, भोक पाड. श्नाइडन, क्लेबन, फाल्टन ही क्रियापदं हातासकट लक्षात राहतात. रंगीत कागद टेबलावर ठेवून मुलाने रंगाचं नाव घेऊन मागायचा, 'रोट, बिट्टं' म्हटल्याशिवाय तुकडा मिळणार नाही. मार्टिनने भर थंडीत आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, ती गोष्ट तीन मिनिटांच्या मूकनाट्यात करता येते. लाल कापडाचे दोन भाग मधोमध व्हेल्क्रोने जोडा. पुठ्ठ्याची तलवार फिरली की आवाज करत सुटतात, प्रेक्षकांना फार आवडतं.

निकोलाउस सोपा. आदल्या संध्याकाळी मुलं दाराबाहेर बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो. शाळेत खऱ्या बुटांऐवजी कागदी बूट भिंतीवर लावा आणि प्रत्येकात दुसऱ्या मुलाने लिहिलेलं जर्मनमधलं तीन ओळींचं पत्र टाका. चिठ्ठ्या उचलून जोड्या लावा म्हणजे कुणाचा बूट रिकामा राहत नाही.

तिसरा बाक :
संमेलनाबद्दल. पाच मिनिटांचं नाटुकलं बसवा, समूहगीत नको. समूहगीतात चार मुलं गातात आणि बाकीची ओठ हलवतात. चार पात्रं, प्रत्येकी जास्तीत जास्त सहा वाक्यं, जागा एकच: तिकिटाची खिडकी, पावाचं दुकान किंवा डॉक्टरचा दवाखाना. प्रेक्षकांना भाषा येत नाही हे धरूनच लिहा. एक मराठी सूत्रधार ठेवा, पण त्याला भाषांतर करू देऊ नका. त्याने प्रसंग सांगावा आणि बाजूला व्हावं, विनोद हालचालीतून कळला पाहिजे. संहिता मुलांनी इंटरनेटवरून भाषांतर करून आणली तर आधी बाईंनी तपासायची. तिथे सगळ्यात जास्त फसतं ते 'तू' आणि 'आपण' यांत: दुकानदाराला मुलगा 'डू' म्हणतो, 'झी' म्हणायचं असतं. आपल्याकडे अहो-जाहो आहेच, एकदा दाखवलं की मुलं चुकत नाहीत.

तालमी सहा. पहिल्या दोन बसून, नुसत्या वाचनाच्या, वाक्य तोंडात बसेपर्यंत उभं राहायचं नाही. उभ्याने सुरू केलं की मुलं हालचाल लक्षात ठेवतात आणि शब्द गिळतात. उंचावर टांगलेले माइक शाळेच्या मांडवात निरुपयोगी असतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन उभे माइक ठेवा आणि बोलणारी जोडी त्यांच्या हातभर अंतरात येईल अशाच जागा आखा. शेवटच्या तालमीला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात वरच्या पातळीला शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर बोलवा. उच्चाराच्या चार दुरुस्त्या बाहेरच्या माणसाने सांगितल्या की मुलं त्या लगेच घेतात.

परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल करायचा मोह सगळ्यांना होतो. शनिवारी जमणार नाही, कारण जर्मनीत आणि जपानमध्ये त्या दिवशी बहुतेक शाळा बंद. बुधवारी दुपारी साडेबाराला घेतलात तर जर्मनीत उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळचे ९ आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर ८ वाजलेले असतात. जपान आपल्यापुढे बारा महिने साडेतीन तास, म्हणजे तिथे दुपारचे ४. तरी थेट कॉल हा माझा पहिला पर्याय नाही. २२ मुलांत कॅमेऱ्याजवळची तीन बोलतात, बाकीचा वर्ग त्यांच्यामागे कुजबुजतो आणि आवाज घुमतो. त्यापेक्षा ३० सेकंदांच्या ध्वनिफिती पाठवा. विषय 'माझ्या दप्तरात काय आहे'. चित्रीकरण करायचं तर फक्त हात आणि वस्तू दाखवा. तिकडे मुलांचे चेहरे दिसणाऱ्या चित्रीकरणासाठी पालकांची लेखी संमती लागते, आपणही ती घ्यावीच. हात दाखवून काम भागलं तर एवढा सोपस्कार राहत नाही.

जपानी गटाची एक सहल पुण्यातच होते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. नुसतं फिरवून आणू नका. प्रत्येक जोडीला हिरागानात दहा शब्दांचा कागद द्या: तळं, पूल, दगड, पाणी, झाड, गवत, फूल, ढग, माणूस, वाट. वस्तू सापडली की शेजारी चित्र काढायचं आणि 'इके गा आरिमास' (तळं आहे) असं वाक्य मोठ्याने म्हणायचं. 'माणूस' मुद्दाम ठेवलाय, कारण सजीवासाठी 'आरिमास' चालत नाही, 'इमास' लागतं. झाडाला मात्र 'आरिमास' च. यावर मुलं हमखास वाद घालतात, घालू द्या.

खडूफळा :
फारच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. फ्रेंच दिवसाला क्रेप करायचे तर वर्गात कसे? शाळेत अंडं चालणार नाही. आणि पालक विचारतात, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा देता येईल का?

पहिला तास :
क्रेपचं आधी. मुळात त्यात अंडी असतातच, पण शाळेसाठी असं करा: मैदा २५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, दूध ६०० मिली, वितळलेलं लोणी ४० ग्रॅम, चिमूटभर मीठ. आधी निम्म्या दुधात मैदा कालवा, गुठळ्या मोडल्या की उरलेलं दूध, शेवटी लोणी. पीठ घावनाच्या पिठाइतकं सैल हवं. अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर क्रेप उलटताना फाटतो. पाव वाटी पिठाचा २० सेंमीच्या तव्यावर एक, असे साधारण १३ होतात. दुप्पट केलं की २५-२६, अर्धा-अर्धा दिला तर ४५ मुलांना पुरतो. वरून साखर आणि लिंबू. घरून गॅस आणू नका. इंडक्शन शेगडी चालते, पण २,००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर घेते आणि वर्गातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. १६ चा सॉकेट असेल ती खोली शोधा, बहुतेक शाळांत प्रयोगशाळेत मिळतो. दोन शेगड्या एकाच लाइनवर लावू नका. एका हातात नाणं घट्ट धरून दुसऱ्या हाताने क्रेप उलटायचा, अशी तिथली रीत आहे. तेवढी मुलांना करू द्या, तवा मात्र मोठ्या माणसाच्या हातात. रांगेत उभ्या मुलाने 'आँ क्रेप, सिल व्हू प्ले' नव्हे, 'उन क्रेप' म्हणायचं, कारण क्रेप स्त्रीलिंगी आहे. फ्रेंच न येणाऱ्यांनीही हे एक वाक्य बिनचूक म्हणावं.

परीक्षा: मंडळाच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना बसवू नका. वीस तासांत पूर्ण ए-१ (जर्मन-फ्रेंचची पहिली पातळी) होत नाही, जपानीची एन-५ पण नाही. ज्यांना बाहेर शिकायचंय त्यांना आकडे सांगून ठेवा. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. एन-५ ला १८० पैकी ८० हवेत, शिवाय भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९. पालकांना हे माहीत नसतं आणि एकूण ९५ मिळवलेलं मूल श्रवणात १८ वर नापास होतं. त्या परीक्षेत बोलणं तपासत नाहीत, म्हणून तिच्या तयारीच्या नादाने मंडळातलं बोलणं बंद करू नका. जर्मनसाठी १० ते १६ वयाच्या मुलांची 'फिट इन डॉइच १' आहे, ए-१ पातळीची. तीत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण चारही येतात आणि ६० टक्के लागतात. फ्रेंचच्या डेल्फ ए-१ ला १०० पैकी ५० आणि चारही भागांत किमान ५.

शाळेचं स्वतःचं प्रमाणपत्र द्यायचं असेल तर हजेरीवर देऊ नका. फेब्रुवारीत प्रत्येक मुलाशी तीन मिनिटं बोला: ओळख, घर, आवड, एक प्रसंग (दुकानात काहीतरी विकत घेणं). बोलणाऱ्या बाई आणि गुण लिहिणाऱ्या बाई वेगळ्या ठेवा. २२ मुलांना सव्वा तास लागतो, म्हणजे एका शनिवारात एक गट, दोन शनिवारात दोन्ही. तारखा आत्ताच वेळापत्रकात टाका, फेब्रुवारीत दहावीच्या प्रात्यक्षिकांमुळे खोल्या मिळत नाहीत.

खर्चाचं गणित ८,००० त बसतं. कागद आणि पुठ्ठे रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घाऊक घ्या, एलईडी पणत्या दिवाळी संपल्यावर. सगळ्यात मोठा खर्च झेरॉक्सचा होतो. तक्ते आणि चिठ्ठ्या एकदाच जाड कागदावर करून पाकिटांत भरून ठेवल्या तर पुढच्या वर्षी तो निम्म्याने कमी होईल. पाकिटावर धड्याचं नाव आणि आतल्या चिठ्ठ्यांचा आकडा लिहा, तास संपल्यावर मोजूनच आत ठेवा.